दोन फ्री थ्रो शिल्लक

१३ नोव्हेंबर १९९४, रविवार

डोकं भणभणतंय. जेवलो नाही. कालिंदीनं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "लिहा आता. लिहिल्याशिवाय तुमच्या घशाखाली घास उतरायचा नाही."

आज मुलींच्या जिल्हा बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता, आमच्याच शाळेच्या मैदानावर. मी मुख्य पंच, जोडीला शिवराम. एका बाजूला ठेकेदारसाहेबांचा क्लब, दुसऱ्या बाजूला रामनगरच्या मुली. हे साहेब स्पर्धेचे अध्यक्षही आहेत. अध्यक्षाचाच संघ अंतिम सामन्यात, हे मला कधी पटलेलं नाही, पण मला विचारतो कोण!

शेवटचे दोन सेकंद. बावन्न–एक्कावन्न, रामनगर एकानं मागे. त्यांची गीता बास्केटखाली उडी मारते, आणि चेंडू हातातून सुटायच्या आत क्लबची उंच पोरगी तिच्या मनगटावर सणसणीत फटका देते. मी शिट्टी मारली. शिट्टीच्या पाठोपाठ भोंगा वाजला. म्हणजे वेळ संपला, पण फाऊल त्याच्या आधीचा. दोन फ्री थ्रो. दोन्ही गेले तर रामनगर जिंकलं, एकच गेला तर बरोबरी आणि जादा वेळ. मी दोन बोटं वर केली, गीता रेषेवर आली, मी चेंडू तिच्या हातात दिला आणि बत्ती गुल!

सहा वाजून दहा मिनिटं. मिट्ट काळोख. जनरेटरवाला डिझेल आणायला म्हणून गेला होता, तो आलाच नाही. पाऊण तास थांबलो. मग लोक मैदानात घुसले, कोणीतरी वीट भिरकावली, ती शिवरामच्या पायाशी पडली. मी गुणपत्रिका बगलेत मारून बाहेर पडलो.

तीस वर्षं शिट्टी फुंकतोय. वेळ संपलाय, लोक घरी गेलेत आणि दोन फ्री थ्रो शिल्लक आहेत, असं कधी झालं नव्हतं. खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटते आहे. असा पेच आयुष्यात एकदाच पुढ्यात येतो.

१४ नोव्हेंबर, सोमवार

समिती बसली. एकादशी झाल्यामुळे लग्नं सुरू, आणि आमचं मैदान शनिवारपर्यंत एका लग्नाला दिलेलं. शामियान्याचे बांबू रोवायला सुरुवातही झाली. म्हणून फ्री थ्रो येत्या रविवारी, वीस तारखेला, सकाळी साडेसातला. वेळ संपलेला असल्यामुळे रिंगखाली चेंडू झेलायला कोणी उभं राहायचं नाही. गीता, चेंडू आणि पंच, बास. हे मी सांगितलं तेव्हा ठेकेदारसाहेब माझ्याकडे बघून गोड हसले. मला ते हसू आवडलं नाही, पण माणसाच्या हसण्यावर फाऊल देता येत नाही.

बाहेर फाटकाशी गीता आणि तिचे वडील काशीनाथ उभे होते. त्यांचं रामनगरला सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगी पंचवीस वर्षांची. एका सरकारी खात्यात खेळाडूंसाठी एक जागा निघाली आहे, अर्जाला विजेत्या संघाचं सर्टिफिकेट लागतं, तीस तारीख शेवटची, आणि पुढच्या वर्षी तिचं वय निघून जाईल. सगळं एका दमात सांगितलं तिनं. मग म्हणाली, "मास्साब, बस हमको डालने दीजिएगा."

म्हटलं, "तुझा हक्क आहे तो. ब्रह्मदेव आला तरी तूच टाकणार."

१५ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी विश्वेश आला. आपल्यातलाच मुलगा, वडील दुर्गाघाटावर राहायचे, माझ्या बरोबरीचे. ते गेल्यापासून येणं कमी झालं होतं. हल्ली ठेकेदारसाहेबांचं ऑफिस सांभाळतो. मराठी अजून कशी स्वच्छ बोलतो! आमच्या गल्लीतली पोरं आता आईशीसुद्धा हिंदीत भांडतात.

म्हणाला, "काका, साहेबांना नियम समजून घ्यायचा आहे. उगाच पुढे वाद नकोत."

तीस वर्षांत मला कोणी नियम समजवायला सांगितला नव्हता, सगळे शिव्याच देत आले. मी पुस्तक काढलं. ज्याच्यावर फाऊल झाला त्यानंच फ्री थ्रो टाकायचा. दुसऱ्यानं टाकला आणि गेला, तरी गुण रद्द. विश्वेश छोट्या वहीत उतरवून घेत होता.

"आणि ती जखमी झाली तर काका?"

"तर तिच्या जागी येणारी बदली खेळाडू टाकेल. नियम स्पष्ट आहे."

"म्हणजे हातपाय मोडून उपयोग नाही," असं म्हणून हसला. मीही हसलो. मोठा गमत्या मुलगा.

जाता जाता म्हणाला, रामनगरचा पीपा पूल, पावसाळ्यानंतर दरवर्षी पिंपांवर जोडतात तो, अजून बांधून झाला नाही, मग ती कशी येते? मी सांगितलं, नावेनं, वडील सोबत असतात, घरी फोन नाही, निरोप द्यायचा तर दुकानावर माणूस पाठवावा लागतो. कालिंदी कप उचलायला आली होती. तो गेल्यावर म्हणाली, "ती नावेनं येईल नाहीतर पोहत येईल, याला काय करायचंय?" बायकांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

आजचा दिवस माझा. लिहिताना लाज वाटते, पण आजोबांची फार आठवण आली.

विश्वेश पुन्हा आला. म्हणाला, "काका, एक राहिलं. जखमी नाही, आजारी नाही, पण त्या वेळी ती आलीच नाही तर?"

हे पुस्तकात नाही. कसं असेल? फ्री थ्रो आठवडाभर लांबतो असं पुस्तक लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल. मी तासभर विचार केला. यजमान आजारी असला तर पुत्र पूजेला बसतो. पण यजमान धडधाकट असून आलाच नाही, तर संकल्प कोण सोडणार? पूजा राहिली. तसंच हे. पंधरा मिनिटं वाट पाहायची, नाही आली तर दोन्ही फ्री थ्रो रद्द.

विश्वेशचे डोळे चमकले. "काका, हे तुम्ही लिहून द्या. तुमच्या आजोबांसारखी व्यवस्था."

आजोबा व्यवस्था देत. कोणाच्या श्राद्धात पिंड फुटला, नैवेद्याला मांजर शिवलं, की लोक मंगळागौरीच्या देवळाजवळच्या आमच्या घरी येत आणि आजोबा कागदावर निर्णय लिहून सही करून देत. कोणाच्या घरी घडलं हे कधी विचारत नसत, नावाच्या जागी रेघ मारून सोडत. नाव कळलं की मन झुकतं, म्हणायचे. रेघ ज्याची त्यानं भरावी. हे विश्वेशच्या वडिलांनी पाहिलेलं, त्यांनीच त्याला सांगितलं असणार. अशा गोष्टी आज कोण लक्षात ठेवतो?

मी हिंदीत लिहिलं, दोन प्रती: खेळाडू रेघ, हिनं स्थळ रेघ, वेळ रेघ, येथे स्वतः हजर राहून आपले दोन फ्री थ्रो घ्यावेत, न आल्यास रद्द, तिच्याऐवजी दुसरीनं घेतल्यास तेही रद्द. खाली सही, मुख्य पंच, आणि शाळेच्या क्रीडाविभागाचा शिक्का. एक प्रत समितीला, एक रामनगरला. "तिकडची मी पोचवतो, तुम्ही कशाला हेलपाटा घालता," विश्वेश म्हणाला.

कालिंदीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आजारी पडली तर दुसरी टाकेल, आणि कोणी अडवून ठेवली तर पोरीचं सगळंच गेलं? हा कुठला न्याय?"

"कोण अडवणार आहे तिला?" म्हटलं.

ती विळीवर वाकली. भाजी चिरत राहिली.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

त्रिपुरी पौर्णिमा. पंचगंगा घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. कालिंदीला दिवे लावायचे होते म्हणून गेलो. परतताना गल्लीच्या तोंडाशी पानवाल्याकडे मोटरसायकलवर दोघं बसलेले. काल सकाळीही तेच होते. त्यातल्या एकानं मला नमस्कार केला. मी ओळखत नाही त्याला.

१९ नोव्हेंबर, शनिवार

शिवराम भेटला. म्हणाला, "वासुदेवराव, तुम्हाला भीती नाही वाटत?" म्हटलं, कशाची? नियम लिहून दिलाय, सही आहे, शिक्का आहे. त्यानं सायकलला टांग मारली. मग म्हणाला की त्याची बायको माहेरी जायचं म्हणतेय. काय संबंध!

२० नोव्हेंबर, रविवार

सकाळचं आधी लिहितो.

सातला मैदानावर. शामियाना निघालेला, जमिनीवर झेंडूच्या पाकळ्यांचा चिखल. शिवरामनं आणि मी झाडू मारून रेषा पुन्हा चुन्यानं आखली. क्लबच्या मुली आल्या, रामनगरच्या आल्या, त्यांच्या प्रशिक्षक बाई आल्या. गीता नाही.

साडेसात. सात पस्तीस. बाई फाटकापर्यंत जाऊन येत होत्या. सात चाळीसला माझा हात धरला त्यांनी, "सर, दुसऱ्या मुलीला टाकू द्या. काहीतरी झालं असेल तिला." मी म्हणालो, काय झालं ते कळल्याशिवाय बदली देता येत नाही. विश्वेशनं समितीची प्रत पुढे धरली. "काकांनी आधीच लिहून ठेवलंय." माझंच अक्षर. सात पंचेचाळीसला मी हातानं खूण केली: रद्द. रामनगरच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

विश्वेशनं पेनचं टोपण काढून गुणपत्रिका पुढे केली. "सही, काका." घाई कशाला एवढी? मला चीड आली. शिवाय गुण लिहिणाऱ्यानं नऊ नंबरचा तिसरा फाऊल भलत्याच रकान्यात टाकला होता. असल्या गचाळ कागदावर मी सही करत नाही. घरी नेऊन नीट करतो म्हटलं. विश्वेशचं तोंड पहिल्यांदाच उतरलेलं पाहिलं.

दुपार.

बारा वाजता दारात गीता आणि काशीनाथ. घामानं थबथबलेले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "मास्साब, आप आए नहीं."

हातात माझा कागद. माझं अक्षर, माझी सही, माझा शिक्का. तीन रेघांवर तीन नोंदी निळ्या शाईनं, दुसऱ्या कोणाच्या सुबक अक्षरात: गीता. शिवपूरचं मैदान. साडेसात. काल संध्याकाळी दुकानावर एक माणूस देऊन गेला. शामियाना निघाला नाही म्हणून जागा बदलली म्हणाला. ते दोघं पहाटेच निघाले. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, शिवपूरच्या रिकाम्या मैदानात साडेदहापर्यंत बसून राहिले. काशीनाथ म्हणाले, "आपकी सही देखी, तो सोचा क्या पूछना."

अक्कलशून्य! गाढव! पंचावन्नाव्या वर्षी कोऱ्या जागा सोडून सही केली, वर शिक्का मारला, आणि त्या हरामखोराला पोहे खायला घातले. कालिंदीनं गीताला पाणी दिलं, पदरानं तिचं तोंड पुसलं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही तिनं.

मग आठवलं. गुणपत्रिका टेबलावर आहे. सही नाही. मुख्य पंचाची सही होईपर्यंत सामना संपत नाही. ती आली नाही ही चूक तिची नाही, माझी, आणि पंचाची चूक सही व्हायच्या आत पंचाला सुधारता येते. उद्या सकाळी सात. मैदानाची किल्ली माझ्याचकडे असते.

काशीनाथ म्हणाले, "रहने दीजिए मास्साब. वो लोग अच्छे नहीं हैं." गीता म्हणाली, "बाबूजी, हम डालेंगे."

समितीला चिठ्ठी पाठवली. तासाभरात विश्वेशचं उत्तर आलं: "काका, कशाला त्रास घेता? सकाळी थंडी असते. काकूंना सांधेदुखी आहे ना?" चारदा वाचलं. काकूंच्या सांधेदुखीचं मी त्याला कधीच सांगितलेलं नाही.

शिवरामकडे गेलो. दाराला कुलूप.

२१ नोव्हेंबर, सोमवार

झालं. सामना संपला.

कालिंदीनं विचारलंही नाही, साडी बदलून चपला घालून उभी राहिली. आयुष्यात एकदाही सामन्याला न आलेली बाई गुणपत्रिका मांडीवर घेऊन बसली. एक पंच नसला तर दुसऱ्यानं एकट्यानं सामना पुरा करायचा, हे पुस्तकात आहे. आम्ही चौघं: गीता, काशीनाथ, कालिंदी आणि मी. क्लबचं, समितीचं कोणी नाही. फक्त भिंतीपलीकडे मोटरसायकल सुरू होती. बंद करत नव्हते, जातही नव्हते. कालिंदीनं गुणपत्रिकेवर पेन टेकवून ठेवलं.

गीतानं पहिला टाकला. स्वच्छ आत, रिंगला न लागता. बावन्न–बावन्न. दुसऱ्या वेळी चेंडू हातातून सुटायला आणि भिंतीपलीकडे हॉर्न किंचाळायला एकच गाठ पडली. चेंडू रिंगवर नाचला, कडेवर टेकला आणि आत पडला.

मी गुण दिला. त्रेपन्न–बावन्न. कालिंदीनं लिहिलं, मी सही केली, सात वाजून अकरा मिनिटं. काशीनाथ मैदानातच मटकन बसून रडले. मीही रडलो, खोटं कशाला लिहू.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

काल एक गोष्ट लिहिली नाही.

चेंडू रिंगला लागेपर्यंत टाकणाऱ्यानं रेषेला शिवायचं नाही. शिवला तर गुण नाही, चेंडू आत गेला तरी नाही. हॉर्न वाजला तेव्हा गीता दचकली आणि तिचा उजवा चवडा रेषेवर आला. चेंडू हवेतच होता. ताज्या चुन्यावर बुटाची खूण उठली. मी तीन हातांवर उभा होतो. शिट्टी ओठात होती. फुंकली असती तर बरोबरी, मग जादा वेळ, समोर संघ नाही, मग पुन्हा समिती, पुन्हा साहेब, पुन्हा रद्द. शिट्टी खाली सोडली आणि हात वर केला. मग जाता जाता ती खूण बुटानं पुसली.

कालिंदीलाही सांगितलं नाही.

आज पाचला विश्वेश आला. कालिंदी उठून आत गेली. तो खुर्चीत बसला, रागाचा लवलेश नाही. "अभिनंदन काका. साहेबांनी निकाल मानला." बॅगेतून सर्टिफिकेट काढलं: विजेता संघ रामनगर, गीताचं नाव, खाली अध्यक्षांची सही. माझा विश्वासच बसेना.

"भिंत काही फार उंच नाही तुमच्या मैदानाची," तो म्हणाला. "मी विटांवर चढून बघत होतो. चवडा चांगला चार बोटं रेषेवर होता. आणि तुम्ही पुसलंत तेही बघितलं. मोटरसायकलवरच्या त्या दोघांनीही बघितलं."

"साहेबांना सांगितलं तर खूश झाले. म्हणाले, ट्रॉफी गेली तर जाऊ दे, माणूस मिळाला. तुमच्यासारखा प्रामाणिक पंच, सगळ्या प्रांतात नाव. डिसेंबरात राज्य स्पर्धा आहे. तिथे असंच कधीतरी एखादं पाऊल इकडे तिकडे. बाकी काही नाही." सर्टिफिकेट त्यानं टेबलावर ठेवलं, पण वरचा हात काढला नाही. "मुलीचा अर्ज तीस तारखेपर्यंत जायचा आहे ना?"

घड्याळ टिकटिकत होतं. आतून कालिंदीच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मला त्याच्या मुस्कटात मारायची होती. साहेबांना 'नाही' म्हणून सांग, असं म्हणायचं होतं. गीता शिवपूरच्या रिकाम्या मैदानात माझी सही हातात धरून बसलेली डोळ्यांपुढून हलेना.

बरं, म्हणालो. त्यानं हात काढला.

२३ नोव्हेंबर, बुधवार

नावेनं रामनगरला गेलो. सर्टिफिकेट दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचं नव्हतं. काशीनाथांनी दुकानातलं काम टाकून समोरच्या हलवायाकडून जिलेबी आणली. गीतानं कागद दोन्ही हातांत धरून तीनदा वाचला. मग वडील आत गेल्यावर जवळ आली. रात्रभर झोपली नसावी, डोळे सुजलेले.

"मास्साब, एक बात पूछें? सच बताइएगा. मेरा पैर लगा था क्या?"

लागला होता म्हटलं असतं, तर तिनं तो कागद तिथेच परत केला असता. मी ओळखतो तिला.

"नाही," म्हणालो. "नहीं लगा."

ती हसली, किती दिवसांनी! वाकून नमस्कार केला. मी जिलेबी खाल्ली आणि चार वाजताच्या नावेनं परत आलो. घरी राज्य स्पर्धेचं, लखनौहून आलेलं पत्र पडलं होतं. अकरा डिसेंबरपासून ड्यूटी. रेल्वेचं तिकीट विश्वेशनं आधीच काढून पाठवलंय, खिडकीजवळची जागा.